ताशी तीन गुल्डन

ख्रोनिंगेनला त्या हिवाळ्यात
मी खोटं बोलायची नोकरी केली.
ताशी तीन गुल्डन, वर कॉफी.
विद्यापीठाच्या माळ्यावर एक खोली, कोळशाची शेगडी,
ओळीने सात खुर्च्या.
सहा आमच्या.
सातवी शहरातून येणाऱ्या कुणाचीही.

डॉक्टर टेर्प्स्ट्रा पुठ्ठा उभा करायचे.
डावीकडे एक रेघ, उजवीकडे तीन.
हिच्याएवढी कुठली?
शेंबडं पोरही सांगेल.
पहिल्या दोन फेऱ्या आम्ही खरं बोलायचो,
विश्वास बसावा म्हणून.
तिसरीपासून सगळे एका सुरात चूक.
"हसायचं नाही," डॉक्टर बजावत,
"आवाज चढवायचा नाही.
कुणी वेळ विचारल्यावर सांगतो, तसं सांगायचं."

पाचामुखी परमेश्वर बोलतो म्हणे.
आमची तर सहा मुखं,
आणि परमेश्वराचं उत्तर
आदल्या दिवशीच टाइप होऊन हातात यायचं.

योउके आला तेव्हा त्याच्या बाहीला पीठ होतं,
बेकरीतून थेट आलेला.
तिसऱ्या फेरीला हसला,
त्याला वाटलं आम्ही थट्टा करतोय.
चौथीला चष्मा पुसला.
पाचवीला मान वाकडी करून पुठ्ठ्याकडे पाहिलं,
मग आमच्याकडे, एकेकाकडे,
माझ्याकडे जरा जास्त वेळ.
सहावीला म्हणाला, "तीन."
इतक्या हळू, की डॉक्टरांना पुन्हा विचारावं लागलं.

नंतर त्याला सगळं उलगडून सांगितलं,
कोको दिला.
कप तसाच धरून तो म्हणाला,
"पण मला खरंच तीनच दिसली."
खोटं आम्ही बोललो होतो,
आणि शपथा घ्यायची वेळ
त्याच्यावर आली.

एकदा हिल्चे नावाची धोबीण आली.
सोड्याने सोललेले तांबडे हात मांडीवर,
आणि प्रत्येक फेरीला, अगदी प्रत्येक फेरीला,
"माफ करा हं, पण दोन."
आमचं काही मोडलं-बिडलं असावं तिच्या हातून
अशी माफी.
डॉक्टरांनी तिच्या नावापुढे फुलीच फुली मारल्या.
जाताना तिने मला विचारलं,
"तुम्हाला डोळ्यांचा काही त्रास आहे का, बाई?"

एका दुपारी हुकूम आला,
आज चौथ्या खुर्चीने खरं बोलायचं.
बाकीचे चूक, मी एकटी बरोबर.
सातव्या खुर्चीवर एक पोस्टमन होता.
मी "एक" म्हटलं,
आणि त्याची पाठ
खुर्चीच्या पाठीपासून सुटून ताठ झाली.
एवढंच.
एवढंच लागतं माणसाला.
हे मी डोळ्यांनी पाहिलं,
तरीही.

फेब्रुवारीत पगार साठवून स्केट्स घेतले.
रविवारी दारूभट्टीमागचा कालवा,
पुलाखालच्या बर्फात एक बारीक काळी चीर,
केसाएवढी, पण लांब.
तिची लांबी मी आजही सांगेन,
तेवढी सवय नजरेला लागली होती.
माझ्यापुढे सहाजण वाद्या आवळत होते.
कुणीतरी विचारलं, "धरेल ना?"
"धरेल."
"धरेल."
"धरेल की."
मागे लहान भावाचा हात धरून एक मुलगी उभी होती.
माझी पाळी आली.
वेळ विचारल्यावर सांगतात, तसं मी सांगितलं.

बर्फाने धरलं.
कुणी बुडालं नाही, मफलरसुद्धा भिजला नाही.
म्हणूनच ही गोष्ट कुणाला सांगता येत नाही.
सांगितली तर विचारतात, मग झालं काय?

काही नाही.
माळ्यावर मी तासावर खोटं बोलायचे,
वहीत सही करून पैसे घ्यायचे.
पुलाखाली मात्र
फुकट बोलले.